पुन्हा पुन्हा दावे लावणाऱ्याला गोव्याच्या दिवाणी कोर्टात कसे थोपवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच घरावरून, भाटावरून (नारळीच्या बागायतीवरून) किंवा वाटेवरून एकच माणूस वर्षानुवर्षे दावे लावत राहतो. एक फेटाळला की दुसरा लावतो, म्हापशाला हरला की पणजीला जातो, स्वतः थकला की मुलाच्या नावाने येतो. अशा दाव्यांना तोंड देणाऱ्या गोव्यातल्या कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये या त्रासावर बरीच हत्यारे आहेत. मात्र त्यातले जवळजवळ प्रत्येक हत्यार मागच्या केसच्या कागदांवर चालते. कागद हाताशी नसतील तर कितीही खरी तक्रार कोर्टात पोकळ ठरते.

त्रासदायक दावा नेमका कशाला म्हणायचा?

हरलेला दावा त्रासदायक असतोच असे नाही, आणि एका माणसाने चार दावे लावले म्हणून तो त्रास देणारा ठरत नाही. चार वेगवेगळ्या लोकांनी त्याच्या चार जमिनी बळकावल्या असतील तर चार दावे लागणारच. कोर्ट दोन गोष्टी पाहते. दाव्याला वाजवी आधार आहे का, आणि हे सवयीने चालले आहे का? एकदा ठरलेला मुद्दा शब्द फिरवून पुन्हा मांडणे, मागच्या निकालाचा वादपत्रात (दाव्याच्या मूळ अर्जात) उल्लेखच न करणे, निकाल देणारा न्यायाधीश, समोरचा वकील आणि साक्षीदार यांनाच पुढच्या दाव्यात प्रतिवादी करणे, विक्री किंवा बांधकाम ठरले की नेमका त्याच आठवड्यात स्टे मागायला येणे, या त्याच्या ओळखीच्या खुणा आहेत. आपल्या अर्जात "वादी विकृत आहे", "खुनशी आहे" अशी विशेषणे घालू नका. दाव्यांचे नंबर, तारखा आणि निकाल एकाखाली एक मांडले की न्यायाधीशाला जे दिसायचे ते दिसते.

अशा माणसाला कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय दावाच लावता येऊ नये, अशी सोय आहे का?

या कल्पनेचे मूळ इंग्लंडच्या १८९६ च्या कायद्यात आहे. भारतात ती आधी मद्रासने १९४९ मध्ये आणली आणि महाराष्ट्राने १९७१ मध्ये. महाराष्ट्राच्या कायद्यात अर्ज महाधिवक्त्याने उच्च न्यायालयात करायचा असतो. एखादा माणूस सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय दिवाणी किंवा फौजदारी प्रकरणे लावतो अशी खात्री झाली, तर त्याचे म्हणणे ऐकून उच्च न्यायालय त्याच्यावर बंधन घालते. त्यानंतर त्याला बृहन्मुंबईत उच्च न्यायालयाची आणि इतरत्र जिल्हा व सत्र न्यायाधीशाची परवानगी मिळाल्याशिवाय नवे प्रकरण लावता येत नाही, चालू असलेलेही पुढे नेता येत नाही. प्रथमदर्शनी आधार दिसला तरच परवानगी मिळते. मद्रासचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये घटनात्मक ठरवला. खऱ्या तक्रारीला परवानगीची वाट मोकळी राहते, म्हणून कोर्टाचे दार बंद झाले असे होत नाही, असा त्यामागचा विचार होता.

गोव्यात गोंधळ होतो तो इथेच. उच्च न्यायालय एकच, मुंबईचे, आणि त्याचे खंडपीठ पर्वरीला, म्हणून महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा पेडण्यापासून काणकोणापर्यंत लागू आहे असे लोक गृहीत धरतात. त्या कायद्याची हद्द महाराष्ट्र राज्य ही आहे. वादाची जमीन सावंतवाडीला किंवा दोडामार्गाला असेल आणि दावे तिथल्या कोर्टांत लागत असतील, तर महाराष्ट्राच्या महाधिवक्त्याकडे जाण्याचा विचार करा. जमीन बार्देशात किंवा सासष्टीत असेल तर रोजच्या लढाईत कामाला येते ती दिवाणी प्रक्रिया संहिता. खालची उत्तरे मुख्यतः तिच्यावर आधारलेली आहेत. जिथे कायद्याचे नाव दिलेले नाही, तिथली कलमे आणि ऑर्डर या संहितेच्याच समजा.

"याने माझ्यावर आणखी दावे लावू नयेत" असा मनाई हुकूम दिवाणी कोर्टाकडून मिळेल का?

बहुतेक वेळा नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ चे कलम ४१ आड येते. ज्या कोर्टाकडे मनाई मागता, त्याच्या हाताखाली नसलेल्या कोर्टात दावा लावण्यापासून कोणालाही रोखता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने कॉटन कॉर्पोरेशनच्या प्रकरणात १९८३ मध्ये हे स्पष्ट केले. दिवाणी स्वरूपाचा दावा लावणे हा प्रत्येकाचा मूळ हक्क आहे, त्यासाठी वेगळा कायदा दाखवावा लागत नाही, हेही त्याच न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितले आहे. अशा मनाईच्या मागे वर्ष-दोन वर्षे घालवू नका. दावा लागू द्या आणि तो पहिल्या पायरीवरच पाडायची तयारी ठेवा.

नव्या दाव्याचे समन्स हातात पडले. पहिल्या आठवड्यात काय करायचे?

समन्स घेण्याचे टाळू नका. टाळल्याने दावा थांबत नाही, फक्त एकतर्फी होण्याचा धोका वाढतो. समन्ससोबत वादपत्र आणि त्याला जोडलेले कागद आहेत का ते पाहा आणि मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा. लेखी कैफियतीची (दाव्याला द्यायच्या तुमच्या लेखी उत्तराची) मुदत त्या तारखेपासून ३० दिवस असते. कारणे नोंदवून कोर्ट ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते.

मग जुने दावे गोळा करायला लागा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर उत्तर आणि दक्षिण गोवा हे दोन्ही जिल्हे वेगवेगळे तपासा. पक्षकाराच्या नावाने शोधताना चालू आणि निकाली अशी दोन्ही यादी पाहा. आडनावाचे स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून पाहायला हवे, कारण नाईक, गावकर, फर्नांडिस ही नावे नोंदीत वेगवेगळ्या अक्षरांनी पडलेली असतात. पोर्तुगीज वळणाच्या नावांत तर आईचे आडनाव मधेच येते. वादी, त्याचा जोडीदार, मुले आणि मुखत्यार यांच्या नावांनी वेगवेगळा शोध घ्या. संगणकपूर्व काळातले दावे तिथे मिळणार नाहीत. त्यासाठी कोर्टाच्या नोंदवह्या आणि घरातली जुनी वकीलपत्रे चाळावी लागतात.

सापडलेल्या प्रत्येक दाव्याच्या प्रमाणित प्रती मागा. नुसता निकाल आणून भागत नाही, आणि नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते. वादपत्र, लेखी कैफियत, निश्चित केलेले मुद्दे, निकालपत्र आणि हुकूमनामा (डिक्री) असा पाच कागदांचा संच हवा. अपील झाले असेल तर त्याचा निकालही हवा. दावा काढून घेतला असेल तर तो अर्ज आणि त्यावरचा आदेश लागतो. गैरहजेरीत निघाला असेल तर त्या दिवसाचा रोजनामा (कोर्टाच्या कामकाजाची नोंद) लागतो, कारण त्या दिवशी प्रतिवादी हजर होता की नाही यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

सगळे हाती आले की एका कागदावर तक्ता करा. दाव्याचा नंबर आणि साल, कोर्ट, पक्षकार, सर्व्हे नंबर आणि उपविभाग, काय मागितले, काय ठरले, अपिलात काय झाले, एवढे रकाने पुरेत. जुन्या दाव्यांत जमिनीचे वर्णन भूनोंदणीच्या पोर्तुगीज नंबराने आणि भाटाच्या नावाने असते, नव्यात सर्व्हे नंबराने. दोन्ही एकच जमीन आहे हे दाखवणारा फॉर्म १ व १४ (सर्व्हेतला जमिनीच्या नोंदीचा उतारा) आणि आराखडा तक्त्याला जोडा. हा दुवा जोडला नाही की समोरचा "ती जमीन वेगळी, ही वेगळी" म्हणतो आणि मागचे सगळे निकाल बाजूला पडतात.

दावा येणार याची कुणकुण आहे. कॅव्हेट लावून ठेवावे का?

लावा. कलम १४८-अ प्रमाणे कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, अशी कोर्टात आधीच दिलेली सूचना) असेल तर तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय अंतरिम अर्जावर आदेश होऊ नये, असा नियम आहे. कॅव्हेट दावा थांबवत नाही. त्याचा उपयोग एकतर्फी स्टेपुरता आहे. कॅव्हेटची नोटीस संभाव्य वादीला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. पोचपावती जपून ठेवा. ते ९० दिवस चालते, मग नवे लावावे लागते.

दावा कुठल्या कोर्टात येईल हे नक्की नसते, म्हणून त्या तालुक्याच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ स्तर अशा दोन्ही दिवाणी न्यायाधीशांकडे लावणे बरे. नुकताच निकाल तुमच्या बाजूने लागला असेल तर अपिलासाठी जिल्हा न्यायालयातही लावा. नावे लिहिताना फक्त जुन्या वादीचे नाव घालून थांबू नका, कारण पुढचा दावा त्याच्या बायकोच्या किंवा मुलाच्या नावाने येण्याची शक्यता मोठी असते.

ऑर्डर ७, नियम ११ खाली दावा सुरुवातीलाच फेटाळला जातो म्हणतात. ते कसे?

वादपत्र वाचून वादकारणच (दावा लावण्याचा हक्क देणारी घटना) दिसत नसेल, किंवा वादपत्रातल्या मजकुरावरूनच दावा एखाद्या कायद्याने बाद ठरत असेल, तर पुरावा न घेता कोर्ट ते नामंजूर करते. टी. अरिवंदंदम प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना बजावले की हुशारीने लिहिलेल्या वादपत्राने वादकारणाचा नुसता आभास उभा केला असेल तर तो पहिल्याच सुनावणीत खुडून टाकावा, आणि गरज पडल्यास ऑर्डर १० खाली वादीला तोंडी प्रश्न विचारावेत. त्रासदायक दाव्यांवर आजही हाच निवाडा सगळ्यात आधी पुढे केला जातो.

अर्ज फसतो तो बहुधा याच कारणाने: या टप्प्यावर कोर्ट फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद पाहते. तुमची कैफियत, तुमचे कागद, तुमचा बचाव यांतले काहीच पाहत नाही. म्हणून "वादी खोटे बोलतो" हा मुद्दा इथे चालत नाही. "वादी म्हणतो ते सगळे खरे धरले तरी दावा टिकत नाही" अशीच मांडणी लागते. मुदतीचा मुद्दा इथे चांगला चालतो. खरेदीखत १९९५ चे आहे आणि मला तेव्हाच कळले होते, असे वादपत्रातच लिहिले असेल, तर ते रद्द करण्याची ३ वर्षांची मुदत कधीच संपली आहे. पोर्तुगीज नागरी संहितेतली जुनी मुदत दाखवून कोणी वाद घातला तर गोव्यात १९६३ चा मुदत कायदाच लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ठरवले आहे.

वादपत्र तुकड्याने नामंजूर होत नाही. पाचपैकी एक मागणी जरी टिकत असली तरी पूर्ण दावा चालतो. म्हणून अर्जात प्रत्येक मागणीला वेगळे उत्तर द्या. या अर्जाच्या भरवशावर कैफियतीची मुदत घालवणे धोक्याचे आहे. अर्जाचा निकाल आधी व्हावा हे खरे, पण बुडालेली मुदत परत मिळवण्यासाठी तो वापरता येत नाही. दोन्ही एकदमच तयार ठेवा.

वादपत्र नामंजूर झाले तर तो हुकूमनामा समजला जातो आणि वादीला अपील असते. अर्ज फेटाळला तर तुम्हाला उच्च न्यायालयात, म्हणजे पर्वरीला, फेरतपासणी (रिव्हिजन) अर्ज करता येतो. आणि एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: नामंजुरीनंतर त्याच वादकारणावर, मुदतीत असेल तर, नवे वादपत्र आणायला नियम १३ मोकळीक देतो. सगळे एका अर्जात संपेल ही अपेक्षा ठेवू नका.

हा वाद आधीच ठरला आहे. रेस ज्युडिकाटा सांगून दावा लगेच का निघत नाही?

कलम ११ चा पूर्वन्याय, म्हणजेच रेस ज्युडिकाटा, लागू व्हायला तोच मुद्दा, तेच पक्षकार किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे, अधिकार असलेले कोर्ट आणि गुणदोषांवर दिलेला अंतिम निर्णय एवढे सगळे जुळावे लागते. ते जुळते की नाही हे कळायला मागच्या दाव्याची वादपत्रे, मुद्दे आणि निकाल शेजारी ठेवून वाचावे लागतात. ते कागद नव्या वादपत्रासोबत नसतातच, म्हणून ऑर्डर ७, नियम ११ च्या टप्प्यावर हा मुद्दा सहसा ठरत नाही. बेळगावच्या एका मिळकतीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच सांगितले.

मग कैफियतीत हा बचाव पहिल्याच परिच्छेदात घ्या, पाच कागदांचा संच जोडा आणि ऑर्डर १४, नियम २ खाली प्राथमिक मुद्दा काढण्याचा अर्ज द्या. तथ्यांवर वाद नसेल तर कोर्ट तो मुद्दा आधी ठरवू शकते. मागच्या दाव्यात जो मुद्दा मांडता आला असता आणि मांडला नाही, तोही मांडून हरल्यासारखाच धरला जातो. मागितलेली आणि न दिलेली दाद नाकारलेली समजली जाते. कलम ११ चे हे दोन खुलासे त्रासदायक दाव्यांवर फार कामाचे आहेत, आणि अर्जांत ते सर्रास राहून जातात. पूर्वन्याय काटेकोरपणे बसत नसेल तरी तोच प्रश्न पुन्हा उकरून काढणे हा कोर्टाच्या प्रक्रियेचा गैरवापर ठरू शकतो, हे के. के. मोदी प्रकरणाने १९९८ मध्ये मान्य केले आहे.

गोव्यातली खरी पळवाट मात्र जोडीदाराची आहे. इथल्या कायद्यात लग्नाबरोबर सहसा संपत्तीत नवरा-बायकोची समाईक मालकी येते, आणि स्थावराच्या वादात दोघांनाही पक्षकार करावे लागते. मागच्या दाव्यात फक्त नवरा असेल तर बायको उभी राहते आणि म्हणते, "मी त्यात नव्हतेच." तिचे म्हणणे नेहमीच खोटे असते असेही नाही. म्हणून स्वतः दावा लावताना प्रत्येक वारसाचा जोडीदार नावानिशी घालावा. आज कंटाळवाणी वाटणारी ती यादी पुढचे दहा वर्षांचे भांडण वाचवते. इन्व्हेंटरीतही (वारसांतल्या वाटणीच्या कोर्टातल्या कामातही) तसेच आहे. ज्या वारसाला नोटीस मिळाली आणि ज्याने वाटणीवर सही केली, त्याला परत येणे अवघड जाते. ज्याचे नावच गाळले गेले त्याची तक्रार खरी असते, आणि तिला त्रासदायक म्हणून झटकू नये.

मागचा दावा त्याने काढून घेतला होता, किंवा गैरहजेरीत निघाला होता. मग?

कोर्टाची परवानगी न घेता काढून घेतला असेल तर ऑर्डर २३, नियम १(४) प्रमाणे त्याच विषयावर नवा दावा लावता येत नाही. नव्या दाव्याची मोकळीक मिळाली होती का, हे आदेशात शोधा. "विथड्रॉन" एवढाच शब्द असेल तर मोकळीक नाही. तुम्ही हजर होता आणि वादी नव्हता म्हणून दावा निघाला असेल तर ऑर्डर ९, नियम ९ नवा दावा रोखतो. त्याला फक्त जुना दावा पुन्हा उभा करण्याचा अर्ज करता येतो आणि त्याची मुदत ३० दिवसांची असते. दोघेही गैरहजर असाल तर मात्र नव्या दाव्याची वाट मुदतीपुरती मोकळी राहते. आपण प्रत्येक तारखेला हजर राहण्याचा फायदा असा असतो, मग समोरचा येवो न येवो.

तडजोडीचा हुकूमनामा झाला होता. आता तो फसवणुकीने झाला म्हणून वेगळा दावा आला आहे.

ऑर्डर २३, नियम ३-अ असा वेगळा दावा होऊच देत नाही. तक्रार असेल तर ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली तिथेच जावे लागते. हा अडसर कायद्याचा असल्याने तडजोडीचा उल्लेख वादपत्रात असला तर ऑर्डर ७, नियम ११ चा अर्ज इथे चांगला बसतो.

एकाच जमिनीवर दोन कोर्टांत दोन दावे चालू आहेत.

मुद्दा आणि पक्षकार तेच असतील तर कलम १० खाली नंतरचा दावा स्थगित करून मागा. दावे वेगळे पण गुंतलेले असतील तर कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करून ते एकाच कोर्टात आणा. एकाच न्यायाधीशापुढे सगळे आले की परस्परविरोधी प्रतिज्ञापत्रे आपोआप समोरासमोर येतात. एकाच वादकारणातली मागणी मागच्या दाव्यात सोडून दिली असेल तर ती नंतर मागू न देणारा ऑर्डर २, नियम २ तपासा.

त्याने खोटे सांगून एकतर्फी स्टे मिळवला आहे.

ऑर्डर ३९, नियम ३ प्रमाणे एकतर्फी आदेश मिळाल्यावर वादीने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि कागदांच्या प्रती तुम्हाला पाठवून तसे प्रतिज्ञापत्र कोर्टात द्यायचे असते. ते दिले का, हे रोजनाम्यात पाहा. अर्जाचा निर्णय ३० दिवसांत व्हावा असा नियम ३-अ आहे. नियम ४ आणखी धारदार आहे: महत्त्वाच्या बाबीवर जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करून नोटीस न देता आदेश घेतला असेल तर कोर्टाने तो उठवायचा असतो. मागचे निकाल लपवणे यात बसते. म्हणून पहिल्याच तारखेला जुन्या निकालाच्या प्रती घेऊन उभे राहा. पुढची तारीख मागाल तर स्टे तेवढाच लांबेल.

अपुऱ्या कारणावर स्टे मिळवल्याचे सिद्ध झाले तर कलम ९५ खाली ५० हजार रुपयांपर्यंत भरपाई त्याच कोर्टाकडून मागता येते. पण या कलमाखाली निर्णय झाला की वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही. बांधकाम थांबून मोठे नुकसान झाले असेल तर आधी हिशेब करून मग वाट निवडा.

वादी पोर्तुगालला किंवा लंडनला राहतो आणि मुखत्यारामार्फत दावे लावतो. हरला तर खर्च कोणाकडून वसूल करायचा?

ऑर्डर २५ खाली खर्चासाठी तारण मागा. वादी भारताबाहेर राहत असेल आणि वादातली जमीन सोडून भारतात त्याची पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर कोर्टाने तारण घ्यायलाच हवे. दिलेल्या मुदतीत तारण दिले नाही तर दावा फेटाळला जातो. हा अर्ज फार कमी लोक करतात, आणि परदेशी राहणारे इतके असलेल्या गोव्यात तो वारंवार व्हायला हवा. मुखत्यारपत्राची मूळ प्रत आणि त्यातले अधिकारही तपासा. विक्रीचा अधिकार आहे म्हणून दावा लावण्याचा आहेच असे नाही.

खोट्या दाव्याबद्दल किती पैसे मिळतात?

कलम ३५-अ खाली जाणूनबुजून खोट्या किंवा त्रासदायक दाव्यासाठी जास्तीत जास्त ३,००० रुपये, आणि अपील किंवा फेरतपासणीत तेही नाही. ही मर्यादा कालबाह्य झाल्याचे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने विनोद सेठ प्रकरणात २०१० मध्ये म्हटले. त्याच प्रकरणात वादीकडून २५ लाखांची हमी घेण्याचा आदेश मात्र रद्द झाला, कारण कलम १५१ च्या (कोर्टाच्या अंगभूत अधिकारांच्या) नावाखाली कायद्यात नसलेली अट कोर्टाला घालता येत नाही. व्यापारी वादांत, २०१५ च्या कायद्यामुळे, ही ३,००० ची मर्यादा उरलेली नाही.

खरा उपयोग कलम ३५ चा आहे. तिथे प्रत्यक्ष झालेला वाजवी खर्च मागता येतो. पण तो कागदावर नसला तर न्यायाधीश तरी काय देणार? वकिलांच्या फीच्या पावत्या, प्रमाणित प्रतींचा खर्च, टायपिंग, साक्षीदारांचा भत्ता यांचा तपशील युक्तिवाद संपताना सादर करा. कलम ३५-अ साठी "हा दावा वादीला माहीत असूनही खोटा आहे" अशी हरकत कैफियतीत आधीच घेतलेली असावी लागते. निकालाच्या दिवशी तोंडी मागून उपयोग नाही. तारखा मागून वेळ काढत असेल तर कलम ३५-ब चा अर्ज द्या. त्यातली रक्कम भरल्याशिवाय वादीला पुढे चालवता येत नाही.

खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल गुन्हा नोंदवता येईल का?

पोलिसांत जाऊन नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जे कलम ३४० होते त्याखाली, त्याच दिवाणी कोर्टात अर्ज करावा लागतो. तक्रार करायची की नाही हे कोर्ट ठरवते. कोर्टात बेइमानीने खोटा दावा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४६ खाली गुन्हा आहे. अर्ज सहज मंजूर होत नाही. न्यायाच्या हितासाठी कारवाई गरजेची आहे असे कोर्टाला वाटावे लागते. एका वाक्यासमोर दुसरे वाक्य ठेवा: २०१८ च्या प्रतिज्ञापत्रात अमुक परिच्छेदात असे म्हटले, २०२३ च्या वादपत्रात त्याच्या उलट. मोघम आरोपांचा अर्ज फेटाळला गेला की समोरच्यालाच बळ मिळते.

दिवाणी दावे थांबले, पण मामलेदार, पंचायत, नगरनियोजन खात्याकडे तक्रारी चालूच आहेत.

कोर्टातले अडसर या कार्यालयांना आपोआप लागू होत नाहीत. प्रत्येक ठिकाणी हुकूमनाम्याची प्रत आवक शिक्का घेऊन आधीच देऊन ठेवा. फॉर्म १ व १४ मधली नोंद बदलली म्हणून मालकी बदलत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १०५ प्रमाणे ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरली जाते. तरीही फेरफाराच्या नोटिशीला उत्तर द्याच, कारण बदललेली नोंद हाच पुढच्या दाव्याचा पाया होतो. कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असल्याचे दावे वेगळे आहेत. त्यांसाठी १९६४ आणि १९७५ चे खास कायदे आहेत आणि दिवाणी निकाल दाखवून ते सहज उडत नाहीत.

हुकूमनामा माझ्या बाजूने आहे, पण दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) रोज नवा माणूस अडवायला उभा राहतो.

ताबा अडवणाऱ्या तिऱ्हाइताचा हक्क ऑर्डर २१, नियम ९७ ते १०१ खाली दरखास्त चालवणारे कोर्टच ठरवते. त्यासाठी वेगळा दावा चालत नाही. मूळ पक्षकारांतले वाद कलम ४७ खाली तिथेच मिटवायचे असतात. तेव्हा नवा दावा आला की "हे दरखास्तीत सांगा" एवढेच म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्त सहा महिन्यांत संपवण्याचे निर्देश दिले आहेत. प्रत्येक तहकुबीच्या वेळी ते लेखी दाखवा.

दावा चालू असताना जमीन विकता येते का?

स्टे नसेल तर येते, पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे घेणारा निकालाला बांधील राहतो. खरेदीदाराला जुन्या निकालांचा तक्ता आधीच दाखवा आणि दावा चालू असल्याचा उल्लेख खतात करा. लपवलात तर तुमच्यावरच फसवणुकीचा दावा येईल.

माझा हक्क खरा आहे, पण समोरचा बिल्डर मलाच "त्रासदायक पक्षकार" म्हणतो. काय करू?

नव्या वादपत्रात मागचे सगळे दावे, हरलेलेही, स्वतःहून सांगा आणि या वेळी काय वेगळे घडले ते तारखेनिशी लिहा. दावा काढून घेताना नव्या दाव्याची मोकळीक मागा आणि ती आदेशात उतरली आहे का ते त्याच दिवशी वाचून पाहा. निकाल चुकला असे वाटले तर अपील करा. न्यायाधीशावर किंवा वकिलावर दावा लावू नका. स्वतःची केस स्वतः चालवण्यात काही गैर नाही, पण एका मुद्द्यावर एकच अर्ज द्या.

वकील परवडत नाही.

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तसे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चे कलम १२ सांगते. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. समन्स मिळाल्याच्या आठवड्यातच जा, कारण वकील नेमला जाईपर्यंत ३० दिवसांची मुदत थांबत नाही. जाताना समन्स, वादपत्र आणि जुन्या दाव्यांचा तक्ता सोबत न्या.